बडेबाबूंची जालना गाडी

आमचे बडेबाबू संगणक चालू करत नसत. ते गाडी सोडत.

जाफराबादच्या आमच्या हायस्कुलात ते हेडक्लार्क होते. ऑफिसात एक लांब लाकडी बाक होता, सहा माणसांचा. बाक भरला की बडेबाबू टेबलाखाली वाकत आणि तिथल्या राखाडी डब्याचं बटण अंगठ्यानं दाबत. आतून आधी एक उसासा येई, मग खरखर, मग म्हातारं माणूस अंथरुणातून उठताना काढतं तसले तीन-चार आवाज. बडेबाबू सरळ होत, चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि बाकाकडं बघून जाहीर करत, "निघाली."

पडद्यावर पहिलं चित्र उमटायला आठ मिनिटं लागत. तेव्हा बडेबाबू म्हणत, "भोकरदन." निळा रंग येऊन गोल चकरी फिरायला लागली की, "राजूर. इथं टाईम लागतो, गाडी थांबती." आणि शेवटी सगळी चित्रं आपापल्या जागी येऊन बाण हलायला लागला की ते चष्मा घालत आणि म्हणत, "जालना आलं. चला, उतरा एकेक."

मग बाकाच्या दाराकडच्या टोकापासून क्रमानं दाखले, बोनाफाईड, मार्कमेमोच्या प्रती निघत. सहाही जणांचं झालं की बडेबाबू संगणक बंद करून टाकत. पुढचा बाक भरला की पुन्हा बटण, पुन्हा भोकरदन. दिवसाकाठी चार फेऱ्या. प्रत्येक फेरी बावीस मिनिटांची, थंडीत पंचवीस.

मी नवा होतो तेव्हा एकदा म्हणालो, "बडेबाबू, दर वेळी बंद कशाला करता? चालूच राहू द्या ना."

"तापतं," ते म्हणाले.

"इतकं काही तापत नाही हो."

"मशीन न्हाई, सर. माणसं."

हे उत्तर मला कळलं नाही. मी इतिहासाचा मास्तर. समोर घडत असलेली गोष्ट कळायची आम्हाला सवय नसते.

बडेबाबू दिसायला अगदी साधे. बारीक अंगकाठी, उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं. दुसऱ्या पेनाला टोपण नसे, कारण टोपण नसलेलं पेन माणूस खिशात घालून नेत नाही, हा त्यांचा शोध. टेबलाच्या काचेखाली दोन फोटो, एक बुद्धाचा आणि एक त्यांच्या वडिलांचा. कोपऱ्यात माठ, माठावर एक स्टीलचा ग्लास. एकच. सरपंच येवो, सालगडी येवो, पाणी त्याच ग्लासातून. एका बड्या पालकानं एकदा विचारलं, "दुसरा ग्लास न्हाई का?" बडेबाबू म्हणाले, "हाये की. घरी." आणि कामाला लागले.

आणि खुर्ची! ती सांगायचीच राहिली. पूर्वी त्यांच्या टेबलासमोर पाहुण्यांसाठी हातांची एक खुर्ची असे. बडेबाबूंनी हेडक्लार्कचा चार्ज घेतला त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर ती खुर्ची उचलून कपाटावर ठेवली. उलटी, चारी पाय छताकडं. त्या पायांच्या मधोमध जुन्या हजेरीपटांचे गठ्ठे रचले. येणारा मोठा माणूस इकडंतिकडं खुर्ची शोधी, वर बघी, आणि काय समजायचं ते समजून बाकाकडं वळे.

बाकाला खिडकीकडच्या टोकाला एक खिळा होता. बोटाच्या पेराएवढा वर आलेला. शिपाईमामांनी दोनदा हातोडी आणली, दोन्ही वेळा बडेबाबूंनी त्यांना पोष्टात पाठवलं. गरीब माणूस लवकर येतो आणि दाराकडं अंग चोरून बसतो. उशिरा येऊन घाई करणारा पलीकडच्या टोकाला जातो. बडेबाबूंचा बाक अशी माणसं आपोआप ओळखायचा.

त्या बाकावर बावीस मिनिटांत काय काय होई! विहिरीच्या पाळीवरून तीन वर्षं अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ एकदा आपापल्या पोरांच्या दाखल्यासाठी एकाच फेरीला आले. मधे चार माणसं. भोकरदनपर्यंत एक पंख्याकडं बघत होता आणि एक फरशीकडं. राजूरला धाकट्यानं तंबाखू मळली आणि सवयीनं हात पुढं केला. मधली चार माणसं मागं रेलली, थोरल्यानं चिमूट उचलली. जालना येईपर्यंत सोयाबीनच्या भावावर दोघांचं एकमत झालं होतं. दोन सोयरिकी तर मी माझ्या डोळ्यांनी त्या बाकावर जुळताना पाहिल्या. एक टिकली, एक मोडली. मोडलेल्या पार्टीचा बाप येऊन बडेबाबूंना म्हणाला, "तुमची गाडी लई जल्दी आली त्या दिवशी. अजून धा मिनिटं लागली असती तर पोराचे गुण कळले असते."

कुणी वशिला लावायला लागला की बडेबाबूंचं एक वाक्य ठरलेलं. टेबलाखाली बोट दाखवून म्हणत, "माझं काही न्हाई हो. पण हे मशीन कोणाचं पावणं न्हाई."

तर या मशिनाला वेग कसा आला, त्याची ही हकिगत.

आमच्या संस्थेचे एक संचालक होते. कडक इस्त्रीचा पांढरा पायजमा आणि झब्बा, मागं दोन माणसं, आणि 'आपल्याला टाईम न्हाई' हे वाक्य. पुतण्याच्या बोनाफाईडसाठी ते एकदा स्वतः आले. दारातूनच म्हणाले, "बाबू, उभ्याउभ्याच करून टाका."

"करतो की, साहेब. बसा. बाक भरला की निघाली."

"काय निघाली?"

"गाडी."

साहेबांनी खुर्ची शोधली. खुर्ची छताला पाय लावून पडली होती. बाकावर पाच माणसं होती, त्यातला एक त्यांच्याच शेतातला सालगडी. तो उठायला लागला. बडेबाबू म्हणाले, "दादा, बसा. तुमचा नंबर जाईल." सालगडी अर्धा उठलेला, अर्धा बसलेला, असा काही वेळ अधांतरी राहिला आणि मग नंबर जाईल या भीतीनं बसला. साहेब खिडकीकडच्या टोकाला टेकले. राजूर येता येता त्यांना कुणाचा तरी फोन आला, आणि ते ताडकन उठले. पायजमा उठला नाही. म्हणजे काही भाग उठला, काही भाग खिळ्यापाशी राहिला.

दुसऱ्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. कार्यालयीन संगणक अत्यंत मंद असून पालकवर्गाची गैरसोय होत आहे, सबब तो तात्काळ गतिमान करण्यात यावा. खिळ्याचा पत्रात उल्लेख नव्हता.

हेडसरांनी मला बोलावलं. त्यांचा मोबाईल एकदा मी बंद करून परत चालू केला होता, तेव्हापासून शाळेत मी तंत्रज्ञ समजला जात होतो. मी चार रात्री व्हिडिओ बघितले आणि मत दिलं, की संगणक नवा नको. आतली जुनी हार्ड डिस्क आहे, तिच्या जागी एसएसडी नावाची नवी डिस्क बसवली की हेच मशीन हरणासारखं पळेल.

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो. व्हिडिओतला माणूसही असंच म्हणाला होता.

जालन्याला जाऊन मी ती घेऊन आलो. हेडसरांच्या हातावर ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पत्त्यांच्या जोडापेक्षा पातळ, वजन पापडाचं. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, कानाशी नेऊन हलवून पाहिली. "सर, एवढीच? एवढ्यासाठी जालना?" मग हळू आवाजात, "संस्थेला काय दाखवायचं?"

बडेबाबूंनी मात्र ती दोन्ही हातांनी घेतली. "ह्याच्यात काय असतं, सर?"

मी सांगितलं, की जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते, तिच्यावर सुई हिंडते, शोधून शोधून एकेक गोष्ट आणून देते. म्हणून वेळ लागतो. हिच्यात काही फिरत नाही, हलत नाही. मागितलं की बसल्या जागेवरून देते.

"म्हंजे आपल्या हापिसाच्या उलटं," बडेबाबू म्हणाले. "हितं आपण बसल्या जागी अन् लोकं हिंडत्यात." मग त्यांनी विचारलं, "मंग ह्याच्यानं काय होईल?"

"जल्दी होईल."

"कोणाचं?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी डबा उघडला. बडेबाबू नाकाला रुमाल बांधून बॅटरी धरून शेजारी उभे, शिपाईमामा जरा लांब. आत काय नव्हतं! बोटभर धुळीची गोधडी, पालीच्या अंड्यांची दोन टरफलं, आणि पंख्याच्या पात्यांना, तारांच्या भेंडोळ्यांना, सगळीकडं लालपिवळा थर. तळाशी मूठभर तांदूळ आणि वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

बडेबाबूंनी बॅटरी शिपाईमामांच्या तोंडावर मारली. "मामा?"

"खंडेनवमीला," मामा म्हणाले. "तुम्ही गेल्यावर. वरच्या जाळीतून जरासं टाकतो, बाबू. साऱ्या अवजारांना हळदकुंकू, अन् ह्यालाच न्हाई म्हंजे बरं दिसत न्हाई."

"किती वर्षं?"

"आलं तव्हापासून."

"अहो, म्हणून खोकतंय ते!" बडेबाबू म्हणाले. पण रागावले नाहीत. तांदूळ त्यांनी स्वतः कागदात गोळा केले आणि खिडकीत चिमण्यांना ठेवले.

नवी डिस्क बसवायची वेळ आली आणि माझं अज्ञान उघडं पडलं. जुनी होती विटेएवढी, तिच्या शेजारच्या तसल्याच खोबणीत ही पापडासारखी. स्क्रूची भोकं जुळेनात. तिला धरणारी एक पट्टी वेगळी मिळते, हे व्हिडिओतला माणूस दुसऱ्या भागात सांगत होता आणि मी पहिलाच भाग बघितला होता. शेवटी बडेबाबूंनी कपाटातून फायलीचा हिरवा दोरा काढला आणि डिस्क एका सळईला गाठ मारून बांधून टाकली. "आपल्या हापिसात दोऱ्यानं बांधलेली वस्तू कधी हरवली न्हाई," ते म्हणाले. ती पुढंही तशीच राहिली.

मग जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवून घ्यायचं काम लावलं. चार तास लागले. बडेबाबू हलले नाहीत. उतरवून झाल्यावर मी जुनी डिस्क काढणार होतो, पण ते म्हणाले, "राहू द्या आत. एवढी वर्षं चाललीये." जागा होती, तार होती. राहू दिली.

आणि मी बटण दाबलं.

बडेबाबू सवयीनं उठून माठाकडं गेले. ग्लास बुडवला, पाणी प्यायले, ग्लास पालथा घातला, वळले. पडद्यावर सगळी चित्रं आपापल्या जागी उभी होती आणि बाण हलत होता. चौदा सेकंद.

"हे काय?"

"जालना," मी ऐटीत म्हणालो.

"भोकरदन?"

"गेलं."

"राजूरला थांबली न्हाई?"

"कुठंच थांबत नाही आता."

बडेबाबूंनी रिकाम्या बाकाकडं पाहिलं. "मंग चढलं कोण," ते म्हणाले, "अन् उतरलं कोण?"

उद्घाटन झालं, अर्थात. पापडाएवढ्या वस्तूचं उद्घाटन करायची हिंमत आपल्याकडंच आहे. हेडसरांनी फलक करून आणला, 'संगणक गतिमान सोहळा'. टेबलासकट डबा मैदानातल्या व्यासपीठावर नेऊन त्याला गुलाबी फीत बांधली. शिपाईमामा नारळ घेऊन आले, त्यांना बडेबाबूंनी व्हरांड्यात उभं केलं. कार्यक्रमपत्रिका हेडसरांनी जुन्या अनुभवावरून आखली होती: एक, कळ दाबणे. दोन, प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शन. तीन, संगणक सुरू होणे. चार, आभार.

प्रमुख पाहुणे कोण, हे सांगायला नकोच. पायजमा नवा होता.

साहेबांनी फीत कापली आणि इकडंतिकडं पाहिलं. "ती वस्तू कुठाय?"

"आत आहे, साहेब."

"फोटोत यायला पाहिजे."

मी स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. साहेब वाकले. आत हिरव्या दोऱ्यानं बांधलेली डिस्क लोंबत होती, एखाद्या नवसासारखी. साहेब बराच वेळ बघत राहिले. "हे बांधलंय का?"

"तात्पुरतं, साहेब."

"बरोबर," ते म्हणाले. संस्थेच्या शाळेची इमारत, प्रयोगशाळेचं पत्र्याचं छप्पर आणि निम्मे शिक्षक तात्पुरतेच होते. त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. फोटो निघाला.

त्यांनी कळ दाबली, टाळ्या झाल्या. साहेबांनी घसा साफ केला, "व्यासपीठावरील मान्यवर..." एवढं म्हणाले, आणि संगणक सुरू झाला. सुरू झाल्याची त्याची ती टिंगटाँग वाजली. तिसरा कार्यक्रम दुसऱ्याच्या आधी झाला. कुणाला काय करावं कळेना. मागच्या रांगेतल्या काहींना वाटलं कार्यक्रम संपला, ते चपला घालायला लागले.

हेडसर माझ्या कानाशी लागले. "सर, बंद करा. भाषण झालं की परत लावा."

मी संगणक बंद केला. साहेब गतीवर पस्तीस मिनिटं बोलले. जगात आता कुणाला थांबायला वेळ नाही, हे त्यांनी अनेक उदाहरणांनी पटवून दिलं. चारशे पोरं उन्हात बसून ते ऐकत होती.

सोमवारपासून हेडसरांचा हुकूम सुटला, संगणक दिवसभर चालू राहील. कपाटावरची खुर्ची खाली आली, तिचे पाय पुसून टेबलासमोर मांडली गेली. पाहुण्यांची गैरसोय नको.

आणि मग गंमत सुरू झाली. पूर्वी कामाला बावीस मिनिटं लागत, तेव्हा माणूस निमूट बसे. आता एक मिनिट लागतं म्हटल्यावर बसायचं कशाला? जो येई तो थेट टेबलाशी. "बाबू, आपलं एकच मिनिट." "बाबू, हे माझ्या मेव्हण्याचं, एकच मिनिट." खुर्चीत एक, खुर्चीच्या पाठीला धरून दोन, टेबलावर कोपर टेकून तीन. प्रत्येकाचं एकच मिनिट, त्यामुळं कुणाला कुणाची अडचण वाटेना. बाक मोकळा. त्यावर लोक पिशव्या ठेवत. बडेबाबूंच्या समोर दिवसभर नुसत्या ढेऱ्या आणि पट्टे. त्यापलीकडचं दार त्यांना दिसेना.

मी अधूनमधून जाऊन विचारत असे, "काय बडेबाबू, पळतंय ना?" ते नुसती मान हलवत. मला वाटे, कौतुकानं.

दहावी-बारावीचे निकाल लागून गेल्यानंतरचे ते दिवस. मी स्टाफरूमकडं निघालो होतो. ऑफिसच्या दाराबाहेर, चौकटीला हात लावून एक मावशी उभी होती. कापसाच्या जिनिंगवर कामाला जात असावी, पदराला बारीक पांढरे तंतू चिकटलेले. मी सकाळी अकराला गेलो तेव्हाही ती तिथंच होती. आता दीड वाजला होता. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला.

"व्हय गं बाई. थांब जरा. तिथल्या मॅडमला म्हणावं, आई घेऊन येऊन राह्यली... न्हाई भेटला अजून. हितं लई मोठी माणसं हायेत."

ती हळूच बोलली होती. पण आत कसा कोण जाणे, नेमका त्याच क्षणी कुणी काही बोलत नव्हतं. बडेबाबू उठून उभे राहिले. ढेऱ्यांच्या मधून त्यांनी वाट काढली आणि दारात आले.

"मावशी, कव्हा आल्तात?"

"अकराला आल्ते, बाबू. पोरीचा दाखला पाहिजे व्हता. नर्सिंगला नंबर लागलाय तिचा जालन्याला. आजची शेवटची तारीख. ती तिथं बसलीये, मी हितं."

"मंग आत का न्हाई आल्या?"

तिनं फक्त आतल्या माणसांकडं पाहिलं.

बडेबाबूंनी तिला आत आणलं. बाकावरच्या पिशव्या उचलून खाली ठेवल्या, तिला बसवलं, ग्लास भरून दिला. टेबलाशी उभ्या असलेल्या कुणीतरी म्हटलं, "बाबू, माझं एकच..." बडेबाबूंनी मान वर केली नाही. नाव, वर्ग, साल, नोंदणीचं रजिस्टर, प्रिंट. शिक्का स्वतः मारला, सहीसाठी स्वतः हेडसरांकडं पळाले. बडेबाबूंना पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मावशी दाखला पदराखाली धरून जीपच्या अड्ड्याकडं निघाली तेव्हा पावणेदोन वाजले होते. जालना अजून दीड-दोन तास लांब होतं.

चार वाजता ते माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पोरांना मी नकाशा भरायला लावला आणि बाहेर आलो.

"सर, तुम्हाला एक सांगू? त्या चौकटीपाशी माझा बाप उभा व्हता. माझ्याच दाखल्यासाठी. तीन दिवस. खुर्चीवाले आले, घेऊन गेले. बापाला कोणी जा म्हणलं न्हाई अन् बस बी म्हणलं न्हाई. तिसऱ्या दिवशी दाखला भेटला. घरी येऊन बाप मला म्हणला, काम झालं, पण पाय दुखले." ते बाहेर मैदानाकडं बघत बोलत होते. "मशीन हळू व्हतं म्हणून मला बसा म्हणता येत व्हतं, सर. मालकाला बी अन् मजुराला बी. आता कोणत्या तोंडानं म्हणू?"

हरणासारखं पळेल, असं मीच म्हणालो होतो.

"ती जुनी डिस्क," बडेबाबूंनी विचारलं, "मेली का?"

"नाही. आतच आहे. जशी होती तशी."

"मंग ती अजून बी जालन्याला जाती?"

"जाईल की. सुरू करताना कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं एक बटण दाबून धरलं, तर कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं ते संगणक विचारतो. पण ती तर..."

"कोणतं बटण?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. गेल्या महिनाभरात पहिल्यांदा तिथं हसू होतं, आणि ते हसू चांगल्या माणसाचं नव्हतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघांनी बसून सगळं जमवलं. दाखल्यांची नोंद दोन्हीकडून एकच उघडेल, अशी सोय मी करून दिली. इतिहासाच्या मास्तरानं आयुष्यात केलेला हा एकमेव कट.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ऑफिसातून जालन्याला दोन गाड्या सुटायला लागल्या.

जो येऊन बाकावर बसे, त्याला जलद. नंबर आला की कागद हातात. जो टेबलाशी येऊन, कोपर टेकून, 'एकच मिनिट' म्हणे, त्याच्याकडं बडेबाबू अतिशय आदरानं बघत. "करतो की, साहेब." मग कपाळाला आठी. "अरे, अडकलं का काय... थांबा हं, परत चालू करतो." एक हात टेबलाखाली, एक बोट त्या बटणावर. आतून उसासा, खरखर. "निघाली," बडेबाबू म्हणत. "बसा. हिला टाईम लागतो."

"अहो, नवीन बसवलंय ना?"

"नवीन हाये की. पण दोऱ्यानं बांधलंय, साहेब. तात्पुरतं."

पंधरा दिवसांत सगळ्या तालुक्याला एवढं कळलं, की बाकावर बसलं तर मशीन नीट चालतं आणि उभं राहिलं की अडकतं. का, ते कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणे, टेबलाजवळ मोबाईल असला की लहरी लागतात. हेडसरांनी तशी पाटीच लावली: 'टेबलाजवळ उभे राहू नये. संगणकास त्रास होतो.' खुर्चीवर बसलं तरी अडकतं, हेही सिद्ध झालं, आणि खुर्ची आपोआप कपाटावर गेली. स्वतः संचालकसाहेब दुसऱ्या पुतण्याच्या कामाला आले, पाटी वाचली, आणि आल्याआल्या बाकावर बसले. दाराकडच्या टोकाला. जलद गाडी मिळाली त्यांना. "बघा," जाताना म्हणाले, "आम्ही गतिमान केलं म्हणून."

बडेबाबू उठून उभे राहिले आणि नमस्कार केला. "तुमचीच कृपा, साहेब."

त्यांना निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. निरोपसमारंभात मी बोलावं असं ठरलं होतं, पण त्या कटातलं एक अक्षर सांगता येत नसल्यानं मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या मुलाच्या प्रवेशाला माझं सेवेचं प्रमाणपत्र लागत होतं. तास चालू होता, पोरं वर्गात मोकाट. मी धावत ऑफिसात आलो. आपलाच माणूस, आपलंच मशीन, गुपित आपलंच. टेबलावर कोपर टेकलं आणि म्हणालो, "बडेबाबू, माझं एकच मिनिट."

बडेबाबूंनी माझ्याकडं अतिशय आदरानं पाहिलं.

"करतो की, सर," ते म्हणाले. कपाळाला आठी आली. "अरे, अडकलं का काय..."

"बडेबाबू, मी आहे हो!"

एक हात टेबलाखाली गेला होता. एक बोट वरच्या बटणावर होतं, ते बटण एव्हाना घासून गुळगुळीत झालं होतं. आतून उसासा आला. मग ती खरखर.

"निघाली," बडेबाबू म्हणाले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी वळलो. बाकावर पाच माणसं होती, जागा फक्त खिडकीकडं. तिच्या अलीकडं एक बाई बसली होती, पदराला बारीक पांढरे तंतू. मी ओळखलं. विचारलं, "मावशी, तुमची मुलगी...?"

"पोहोचल्ते ना मी त्या दिवशी. दुसऱ्या वर्षाला हाये आता. धाकटीचा दाखला न्यायला आल्ते." आणि मी बसायला वाकलो तशी तिनं माझी बाही धरली. शेजारच्या माणसाला कोपरानं ढकललं, ते सगळे एकेक वीत सरकले.

"इकडं बसा, सर," ती म्हणाली. "तिकडं खिळा हाये."